बांध, भिंत आणि पन्हाळ: खानदेशातल्या शेजाऱ्यांच्या हद्दीच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूकरमापक होतो. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा या पट्ट्यात बरीच वर्षं बांधाबांधाने फिरलो. निवृत्त झालो तरी माणसं घरी येतात. पिशवीतून घडी घालून मऊ झालेला सातबारा काढतात आणि ओट्यावर पसरतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. मालकीच्या मोठ्या दाव्यांविषयी इथे काही नाही. इथे आहेत फूट-दोन फुटांचे, फांदीचे, पन्हाळीचे वाद. वेळीच मिटवले तर ते एका बैठकीत मिटतात आणि लांबले तर नातवंडांपर्यंत जातात.

शेजारी दरवर्षी नांगरताना बांध थोडा थोडा कोरतो. एका फुटासाठी भांडण करायचं का?

भांडण करू नका, पण गप्पही बसू नका. २०० मीटर लांबीचा बांध धरा. तो एक फूट सरकला तर साधारण ६० चौरस मीटर जमीन गेली, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. एका वर्षात हे कोणाला जाणवत नाही. पण असा एकेक फूट पाच वर्षं गेला की पाच फूट होतात, आणि रावेर-यावलकडे केळीची लागवड पाच बाय पाच फुटांवर असते. म्हणजे केळीची एक अख्खी ओळ, सव्वाशेच्या वर खोडं, बांधाच्या पलीकडे गेली. माणूस चिडून उठतो तो या वेळी. मग त्याला पाच वर्षांचा हिशोब एकाच दिवशी हवा असतो आणि समोरच्याला वाटतं, आजवर काही बोलला नाही, आज कोणीतरी याचे कान भरले.

बऱ्याचदा कोरणाऱ्याच्या मनात पापही नसतं. ट्रॅक्टर भाड्याचा असतो, चालवणारा पोरगा दुसऱ्या गावचा असतो, मालक शेतात नसतो. रोटाव्हेटर बांधाला घासून गेला की माती दोन्हीकडे सांडते. म्हणून पहिल्या वर्षीच सांगा: “आप्पा, औंदा ट्रॅक्टरवाल्याने इकडची कड घेतली, पुढल्या खेपेला जरा लक्ष द्या.” एवढ्याने निम्मे बांध वाचतात.

बोलायला जायचं तर कधी आणि कसं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ते मृगाच्या पावसाआधी. कापूस वेचून झालेला असतो, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटलेल्या असतात, रान उघडं असतं आणि बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसतो. जूनमध्ये लागवड झाली की दिवाळीपर्यंत तो पिकात बुडालेला असतो. त्या काळात काढलेला वाद म्हणजे नुसती तोंडातोंडी होते, डोळ्यांना दाखवायला काही नसतं. आखाजीला नवीन सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, ठरतो. त्याला पहिल्याच दिवशी बांध दाखवून ठेवला तर पुढचं वर्ष निवांत जातं.

बोलायला एकट्याने जा आणि त्याच्या घरी जा. पारावर, दूध डेअरीवर, चार लोकांत विषय काढला की समोरचा माणूस चार लोकांसाठी उत्तर देतो. घरी गेलं की पहिला शब्द “बठा, चहा ल्या” असा येतो, आणि चहा पुढे आल्यावर माणूस ओरडत नाही. “तू माझा बांध कोरला” असं म्हणू नका. “आपला बांध हलला असं वाटतं, एकदा मिळून पाहू या का?” असं म्हणा. वयाने मोठे असतील तर आबा, आप्पा, नाना जे म्हणत आलात तेच म्हणा. वादाच्या दिवशी नातं बदलून थेट नावावर आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती चूक पुढे मोजणीच्या नकाशानेही दुरुस्त होत नाही.

बांध नेमका कोणाचा?

दोन गटांमधली हद्द ही एक रेषा असते, तिला रुंदी नसते. बांध मात्र तीन-चार फूट रुंद मातीचा असतो, आणि सर्वसाधारणपणे ती रेषा त्याच्या मधोमध धरतात. म्हणून बांध दोघांचा. तो राखणं ही दोघांची जबाबदारी आहे आणि एकट्याने तो सपाट करू नये. उताराच्या रानात तर तो पाणी आणि माती धरून ठेवतो. गेला तर वरच्याची माती जाते आणि खालच्याचं पीक दबतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली आहे. खूण मोडणाऱ्याला, हलवणाऱ्याला त्यात दंड आहे.

जुना हद्दीचा दगड सापडत नाही. शेजाऱ्याने काढून फेकला असेल का?

असेलही. पण संशय घेण्याआधी कुदळ घ्या. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते. दरवर्षीच्या या हालचालीत दगड कलतो, खचतो आणि हळूहळू मातीत जातो. वरून गाळ आणि नांगराची माती बसते.

चोपड्याजवळच्या एका गावात दोन चुलतभाऊ याच दगडावरून सात वर्षं बोलत नव्हते. धाकट्याचं म्हणणं होतं की थोरल्याने दगड उपटून विहिरीच्या कठड्याला लावला. मी टिपण काढलं. टिपण म्हणजे जुन्या मोजणीचा हाताने काढलेला कच्चा आराखडा. त्यात मापं साखळी आणि आण्यांत असतात. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. (एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट.) टिपणाप्रमाणे माप टाकत आलो तर जागा बाभळीच्या बुंध्यापाशी आली. दोघांना म्हटलं, खणा. थोरल्याने कुदळ घेतली, धाकटा उभा राहिला. दीड हातावर खण्‌ असा आवाज झाला. बाभळीच्या मुळीने दगडाला विळखा घातला होता आणि तो उत्तरेला झुकला होता. धाकटा खाली बसला आणि हाताने माती उकरायला लागला. पुढे दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. मी साखळी गुंडाळली आणि पाणी मागितलं. पाणी धाकट्याच्या डब्यातलं होतं, तांब्या थोरल्याचा.

तेव्हा आधी खणा. दगड मिळाला तर तो जागेवरून हलवू नका, सरळसुद्धा करू नका. फोटो काढा, शेजाऱ्याला बोलवा, पोलीस पाटलांना दाखवा.

मोबाईलवर गटाचा नकाशा टाकला तर माझी हद्द शेजाऱ्याच्या विहिरीतून जाते. याचा अर्थ काय?

अर्थ एवढाच की मोबाईलवर हद्द ठरत नाही. फोनचं जीपीएस उघड्या रानातही तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. शिवाय गावाचा जुना कागदी नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर ठेवला की तो कुठे ना कुठे ताणला जातो. गटाचा आकार कळायला, लगतचे गट कोणते हे पाहायला हा नकाशा छान आहे. पण त्यावरचा स्क्रीनशॉट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून “बघा, याने अतिक्रमण केलं” असं लिहू नका. अशा एका स्क्रीनशॉटमुळे लागलेलं भांडण मिटवायला आम्हाला चार महिने लागले होते.

सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर आहे, मी टेपने मोजलं तर १ हेक्टर १४ आर भरलं. सहा आर शेजाऱ्याने दाबले ना?

घाईने असं धरू नका. सहा आर कमी भरायला चार-पाच वेगळी कारणं असू शकतात. नाल्याने कड खाल्ली असेल, रस्त्यात जमीन गेली असेल, पोटखराबा, म्हणजे गटातली लागवडीला न येणारी जमीन, धरायचा राहिला असेल, किंवा दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे ती गेली असेल. आपण ज्याच्याशी आधीच बोलत नाही त्याच्याकडेच बोट जातं, हा अनुभव आहे.

आणखी एक कारण जुन्या एकत्रीकरणातलं. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली गावोगाव योजना राबवली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. काही ठिकाणी क्षेत्र, नकाशा आणि प्रत्यक्ष ताबा यांचा मेळ तेव्हापासूनच बसलेला नाही. अशा गटात दोन्ही शेजारी प्रामाणिक असूनही दोघांचे कागद भांडतात. आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची सरकारी नोंद), गट नकाशा, फाळणी (पोटहिश्शांचा) नकाशा आणि जुनं टिपण यांच्या नकला काढून एकत्र ठेवल्याशिवाय खरं कळत नाही.

सरकारी मोजणी कशी मागायची?

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात. अर्ज ऑनलाईन करता येतो. हद्द पाहायची असेल तर ‘हद्दकायम’ मोजणी मागा, भावांत वाटणी करायची असेल तर ‘पोटहिस्सा’. चालू सातबारा, लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते आणि फी लागते. फी क्षेत्रावर आणि मोजणी नियमित हवी की द्रुतगती यावर ठरते. खातं सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. अर्ज अडकतो तो बहुतेक इथेच, कारण एक बहीण सुरतला असते आणि एक चुलता बोलत नसतो.

मोजणीची तारीख ठरली की लगतच्या धारकांना नोटीस जाते. नोटीस आली म्हणून रागावू नका, ती तुमच्या हिताची आहे. त्या दिवशी हजर राहा. तुम्ही आला नाहीत म्हणून मोजणी थांबत नाही, फक्त तुमचं म्हणणं नोंदलं जात नाही.

पण माझा खरा सल्ला वेगळा आहे. दोघं मिळून मोजणी मागा आणि फी अर्धी अर्धी भरा. एकाने मागितलेली मोजणी दुसऱ्याला नेहमी ‘त्याची मोजणी’ वाटते. कितीही काटेकोर झाली तरी त्याच्या मनात राहतं की मोजणीवाल्याला चहा त्याने पाजला. दोघांनी पैसे भरले, दोघांनी जेवणाचा डबा आणला, दोघांनी खुंट्या ठोकायला हात लावला की निकाल कडू असला तरी गिळला जातो. माझ्या नोकरीत मिळून मागवलेल्या मोजण्या फार थोड्या झाल्या, पण त्यातली एकही पुढे कोर्टात गेल्याचं मला आठवत नाही.

मोजणीची भीती आपल्याकडे जुनी आहे. १८५२ साली इंग्रजांची जमीन मोजणी खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोक उठले होते. साखळी आली की सारा वाढणार असं त्यांना वाटत होतं. आज साखळीच्या जागी रोव्हर आला, उपग्रहाशी जोडलेला. पण यंत्र घेऊन कोणी बांधावर उभं राहिलं की म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावर आठी येतेच. त्यांना खुर्ची द्या, जवळ बसवा, काय चाललंय ते सांगत राहा. जुन्या खुणा त्यांनाच ठाऊक असतात.

मोजणीत निघालं की दोन आर माझे शेजाऱ्याकडे आहेत. मोजणीवाले ताबा का देत नाहीत?

ते त्यांचं काम नाही. मोजणी कर्मचारी अभिलेखाप्रमाणे हद्द दाखवतात, खुणा करून देतात, हजर असलेल्यांचे जबाब आणि पंचनामा घेतात. नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल, मिळते. तिच्यात अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द, दोन्ही दिसतात. ताबा शेजाऱ्याने राजीखुशीने सोडायचा, नाही सोडला तर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. ‘क’ प्रत हातात घेऊन दुसऱ्या दिवशी जेसीबी आणू नका. कागद तुमच्या बाजूने असूनही आरोपी तुम्ही व्हाल.

उभं पीक असेल तर ते निघेपर्यंत थांबायची तयारी दाखवा. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, केळी असेल तर वर्षभर थांबावं लागेल. “घड कापून झाले की सोड” असं लिहून घेतलं तर बहुतेक जण सोडतात. पिकावर नांगर घातलेला माणूस विसरत नाही.

मोजणी चुकली असं वाटतं. पुढे काय?

निमताना मोजणी, म्हणजे फेरतपासणीची मोजणी, मागा, ती वरचा अधिकारी करतो. तीही मान्य नसेल तर जिल्हा अधीक्षकांच्या पातळीवर सुपर निमताना. दावा चालू असेल तर न्यायालय कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करवू शकतं. मात्र ‘मला हवा तसा निकाल आला नाही’ आणि ‘मोजणी चुकली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निमताना मागण्याआधी कोणती खूण धरायला नको होती, कोणतं माप टिपणाशी जुळत नाही, हे एका कागदावर लिहून पाहा. लिहिता आलं नाही तर पैसे वाचवा.

शेजारी म्हणतो, “बारा वर्षं झाली, आता जमीन माझी.” खरं आहे का?

अर्धवट खरं. मुदतीचा कायदा १९६३ चा. त्यात ताब्यासाठी दावा लावायला बारा वर्षांची मुदत आहे, आणि प्रतिकूल कब्जा म्हणतात तो यातून येतो. पण तो सिद्ध करणं सोपं नाही. कब्जा उघड, सलग आणि मूळ मालकाचा हक्क नाकारणारा असावा लागतो. “कर बाबा, तुझं रान लागून आहे” असं म्हणून दिलेली जमीन यात येत नाही. दरवर्षी इंचाने सरकलेला बांध नेमका कधी सरकला हे सांगणंही अवघडच. तरी दहा-अकरा वर्षं झाली असतील तर वकिलाला आजच भेटा.

उलट, दोघांनी एकमेकांची जमीन धरून ठेवली असेल, म्हणजे कागदावर माझं ते त्याच्या ताब्यात आणि त्याचं ते माझ्या ताब्यात, आणि असं बारा वर्षं चालू असेल, तर २०२३ साली आलेली सलोखा योजना पाहा. अशा शेतजमिनीच्या अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये, एवढंच लागतं. योजनेची मुदत वाढत आली आहे. सध्याची स्थिती तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, विचारून घ्या. एकत्रीकरणातल्या घोळामुळे भांडणाऱ्यांना याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

शेजाऱ्याच्या बांधावरच्या झाडाची सावली माझ्या पिकावर पडते. फांद्या तोडू का?

आधी सांगा, मग तोडा, आणि तुमच्या हद्दीत आलेल्याच तोडा. त्यासाठी त्याच्या रानात पाय ठेवू नका. बुंधा बरोबर हद्दीवर असेल तर झाड दोघांचं समजून चाला, आंबे अर्धे अर्धे. अख्खं झाड पाडायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ अशी झाडं आहेत.

केळीवाल्यांची शेवरी हा वेगळा विषय. वाऱ्याने केळी मोडू नये म्हणून कडेने शेवरी लावतात, आणि ती बरोबरच आहे. पण बांधाला चिकटून लावली की पलीकडच्या दोन ओळी सावलीत आणि मुळ्यांत जातात. आपल्या हद्दीत तीन-चार फूट आत लावा आणि वेळच्या वेळी शेंडे मारा. पाला शेजाऱ्याच्या शेळ्यांना दिला तर तक्रार सहसा येत नाही.

वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. बैलगाडी कशी न्यायची?

इथे वेळ घालवू नका. आधीपासून वापरात असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तरी हेच कलम. शेतात जायला रस्ताच नसेल आणि हद्दीवरून नवा मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. ही दोन कलमं एकमेकांत मिसळून केलेले अर्ज फार पाहिले आणि त्यात वर्षं गेली. अर्जात पहिल्याच ओळीत लिहा: रस्ता होता आणि अडवला, की रस्ता नाही आणि हवा आहे.

पाइपलाइनसाठी त्याच संहितेत वेगळं कलम आहे, ४९. शेजाऱ्याच्या जमिनीतून पाणी न्यायचं असेल आणि तो नाहीच म्हणत असेल तर त्याखाली तहसीलदारांकडे अर्ज. पण पाइप तीन फूट खोल, बांधाच्या कडेने आणि पीक नसताना टाकतो असं सांगून पाहा. ठिबक दोघांकडेही आहे, उद्या त्यालाही तुमच्या रानातून पाइप न्यायचा असेल.

सामाईक विहिरीच्या पाळीवरून रोज कटकट होते.

पाळी तोंडी ठेवू नका. मोटारीच्या पेटीवर आतून कागद चिकटवा: कोणता वार कोणाचा, लाईट गेली तर ते तास कोणाचे, स्टार्टर जळाला तर खर्च कसा वाटायचा. वादाचं मूळ बहुतेक रात्रीच्या लाईटमध्ये असतं. दिवसाची पाळी सगळ्यांना हवी आणि रात्री दोन वाजता साप-विंचवांतून जायला कोणालाच नको. म्हणून दिवस-रात्र आळीपाळीने फिरवा. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंदलेला आहे का, तेही एकदा पाहून घ्या. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक सिंचनात, अख्ख्या गावाचं पाणी पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारे) पिढ्यानपिढ्या ठरलेल्या क्रमाने देत आले. दोन घरांना एका विहिरीचा क्रम पाळता यायला हवा.

गावात आमची आणि शेजाऱ्यांची मधली भिंत एकच आहे. त्यांना धाबं (मातीचं सपाट छप्पर) पाडून स्लॅब टाकायचा आहे.

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत हे सर्रास आहे. हात-दीड हात जाडीची मातीची भिंत, दोन्ही घरांची लाकडं तिच्यात घुसलेली. एकाने आपली बाजू उतरवली की दुसऱ्याचं धाबं लटकतं. म्हणून पाडण्याआधी दोघांनी मिस्त्रीला बोलवा आणि कोणतं लाकूड कोणाच्या वजनाचं ते खडूने खूण करून घ्या. दोन्ही घरांचे आतून-बाहेरून फोटो काढा. नवं बांधणाऱ्याने आपले कॉलम आपल्या जागेत घ्यावेत, मातीची भिंत दुसऱ्यासाठी उभी ठेवावी किंवा त्याला तेवढी भिंत बांधून द्यावी. काम पावसाळ्याआधी पूर्ण करायचं, ही अट सगळ्यात महत्त्वाची. उघडी पडलेली मातीची भिंत एका जोरदार पावसात बसते आणि तिच्या आडोशाला कोणीतरी झोपलेलं असतं.

कागदाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, त्यावर मालकी ठरत नाही. स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. ज्या गावांत ड्रोनने गावठाण मोजलं तिथे मिळकत पत्रिका मिळते. ड्रोन उडायच्या आधी घराभोवती चुन्याच्या रेघा मारतात. तुमच्या गावी काम व्हायचं असेल तर त्या दिवशी घरी थांबा आणि रेघ कुठून जाते ते पाहा. हरकत असेल तर चौकशीच्या वेळीच लेखी द्या. शेजाऱ्याने गल्लीत, सार्वजनिक जागेत ओटा पुढे घेतला असेल तर तो ग्रामपंचायतीचा विषय, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५३.

त्यांच्या स्लॅबचं पाणी आमच्या अंगणात पडतं, आणि आता आमच्याकडे खिडकी काढतायत.

पन्हाळीला पाइप लावून पाणी गटारीत सोडायला दोन-तीन हजारांच्या आत काम होतं. तेवढे पैसे निम्मे निम्मे भरायची तयारी दाखवली तर हा वाद त्याच दिवशी संपतो, असं मी अनेकदा पाहिलं.

खिडकीचं जरा समजून घ्या. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा. त्यानुसार वीस वर्षं सलग, निर्वेधपणे, हक्क म्हणून उजेड-वारा घेतला तर तो हक्क पक्का होऊ शकतो. मग तुम्हाला तिथे उंच भिंत बांधताना अडचण येईल. म्हणून खिडकी निघतानाच बोला. खिडकीला हरकत नसेल तर “परवानगीने ठेवली आहे” असं एका ओळीत लिहून घ्या. नगरपालिका हद्दीत, नवीन एनए प्लॉटवर बाजूला किती जागा सोडायची याचे नियम आहेत. मंजूर नकाशाची नक्कल नगरपालिकेत मागता येते.

मी एकटी बाई शेत करते. मालक गेल्यापासून दोन्ही बाजूंनी बांध आत येतोय, बोलायला गेलं की हसतात.

ताई, हे मी फार गावांत पाहिलं, आणि त्याची चीड आजही जात नाही. तुम्ही पहिल्यांदा सातबाऱ्यावर वारस नोंद झाली आहे का ते पाहा, कारण तिच्याशिवाय मोजणीचा अर्जच होत नाही. दुसरं, तोंडी बोलणं सोडा आणि प्रत्येक गोष्ट लेखी करा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. तिसरं, तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मोजणीच्या दिवशी भावाला किंवा बचत गटातल्या चार जणींना सोबत आणा. मोजणीवाल्यासमोर खुणा तुम्ही स्वतः पाहा आणि त्यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा.

पोलिसांत जावं का?

मारहाण, धमकी, खुंट्या उपटणं, पीक कापून नेणं असं असेल तर जरूर जा. नुसत्या हद्दीसाठी जाऊ नका. पोलीस हद्द ठरवू शकत नाहीत. ते एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतील, आणि फार झालं तर दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याच्या हमीची कारवाई, होईल. त्यासाठीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १०७ आता नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालं आहे. मग दोघंही कामधंदा सोडून तहसीलला तारखेला बसतात आणि बांध आहे तिथेच राहतो.

तंटामुक्ती समिती आणि लोक अदालत यांचा उपयोग होतो का?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली. त्या वर्षांत बांधाचे कितीतरी वाद गावातच मिटले. आता काही गावांत समिती फक्त फलकावर उरली आहे. तुमच्या गावी ती जिवंत असेल तर तिच्याकडे जा. नसेल तर दोन्ही बाजूंना मान्य असलेली दोन माणसं निवडा. जातीच्या किंवा पक्षाच्या पुढाऱ्यापेक्षा निवृत्त गुरुजी, जुना सालदार, पलीकडच्या गटाचा शेतकरी बरा. दावा आधीच न्यायालयात असेल तर लोक अदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आमचं मिटलं. आता कागदावर काय लिहावं?

गट नंबर, तारीख, कोणत्या बाजूची हद्द, आणि मोजणी झाली असेल तर तिचा क्रमांक. मग खुणा शब्दांत लिहा: “पूर्वेला विहिरीच्या कठड्यापासून अमुक फुटांवर दगड, तिथून सरळ पश्चिमेला निंबापर्यंत.” माप फुटांत आणि मीटरमध्ये, दोन्हींत लिहा. बांध किती रुंद ठेवायचा, कोणी कधी माती लावायची, उभ्या पिकाचं काय, हेही लिहा. दोघांच्या सह्या, घरातल्या सज्ञान मुलामुलींच्या सह्या आणि दोन साक्षीदार. मुद्रांक पाचशे रुपयांचा. असा लेख आहे ती हद्द मान्य करण्यापुरताच चालतो. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची असेल तर नोंदणीकृत दस्तच लागतो, साध्या स्टॅम्पवर लिहून जमीन जात नाही.

सह्या झाल्यावर तसंच शेतात चला. सुतळी बांधा, चर खणा, दगड दोन हात खोल पुरा आणि खाली थोडा कोळसा किंवा फुटक्या कौलांचा चुरा टाका. वरचा दगड कधी हलला तरी खाली हा थर सापडतो. दोन्ही घरची शाळेत जाणारी पोरं सोबत असू द्या, आणि दगडावर माती लोटायचं काम त्यांनाच द्या.